मांजरीसाठी बोलकी बटणे: दारव्हा तालुक्यातील एका घरातील नऊ महिन्यांचा अनुभव

माझी आई ७८ वर्षांची आहे. तिला सगळे गाव बाई म्हणते आणि मीही बाईच म्हणतो. मी शेतात गेलो की घरात ती आणि आमची भुरी मांजर अशा दोघीच उरतात. बाईला ऐकू कमी येते आणि दिवे लागणीनंतर पायापाशी काय आहे ते तिला नीट दिसत नाही. भुरीचे बारीक ओरडणे तिच्या कानापर्यंत पोहोचत नसल्यामुळे, काही हवे असले की भुरी तिच्या पायात घोटाळते. मागच्या मे महिन्यात अशीच तिला अडखळून बाईचा तोल गेला. हाताशी भिंत होती म्हणून ती पडली नाही, परंतु या वयात खुब्याचे हाड मोडले तर काय होते ते मी आमच्याच गल्लीत दोनदा पाहिले आहे. मांजरीने पायाशी न येता दुरूनच बाईला ऐकू जाईल असे काही करावे, एवढ्या एका गरजेतून मी बोलक्या बटणांचा संच मागवला. जून ते मार्च असे नऊ महिने तो वापरून झाल्यानंतर हे परीक्षण लिहीत आहे.

ही बटणे म्हणजे तळहातावर मावतील अशा प्लास्टिकच्या गोल डब्या असतात. प्रत्येकीत आपल्या आवाजातला एखादा शब्द भरून ठेवायचा आणि वरून दाबले की तो ऐकू येतो. प्राण्यांसाठी त्यांचा वापर अमेरिकेतील क्रिस्टिना हंगर या वाचा-उपचारतज्ज्ञ बाईंमुळे प्रसिद्ध झाला. बोलू न शकणाऱ्या लहान मुलांना यंत्रावरची चित्रे दाबून बोलते करण्याचे काम त्या करत असत. तीच पद्धत त्यांनी २०१८ मध्ये आपल्या स्टेला या कुत्रीच्या पिल्लावर वापरून पाहिली आणि ‘बाहेर’ या अर्थाच्या शब्दापासून सुरुवात केली. मांजरींमध्ये फ्लोरिडातील बिली विशेष गाजली, तिच्यापुढे पन्नासहून अधिक बटणे मांडलेली असत. मी मात्र चारच बटणांचा साधा संच घेतला. त्याच्या खोक्यावर कोणत्याही कंपनीचे नाव नव्हते आणि तो मला १,४९९ रुपयांना पडला.

तो मिळवतानाच पहिला त्रास झाला. कुरिअर आमच्या गावात येत नाही, म्हणून आठवडी बाजाराच्या दिवशी एसटीने दारव्ह्याला जाऊन मी खोके घेऊन आलो. घरी उघडल्यावर लाल बटणाचा आवाज घरघरत असल्याचे लक्षात आले. बदलून घेण्याची मुदत सात दिवसांची होती, परंतु माल परत न्यायला माणूस घरी येईल अशीच त्यांची पद्धत असल्यामुळे आणि आमच्या पिन कोडवर तो येत नसल्यामुळे ती मुदत माझ्या काहीच कामाची नव्हती. खेड्यात राहणाऱ्याने असा माल घेताना पैसे देण्याआधीच ही बाब विचारून घ्यावी. संचाची एक गोष्ट मात्र खेड्याला सोयीची आहे: बटणांना चार्जिंग लागत नाही. प्रत्येकात रिमोटचे दोन बारीक सेल बसतात, ते गावातल्या किराणा दुकानात मिळतात आणि वीज गेली तरी बटणांचे काही अडत नाही.

कोणते शब्द भरायचे याचा मी बराच विचार केला. ‘बाहेर’ हा शब्द सहज सुचतो, परंतु आमच्या घरात दिवसातून अनेकदा ‘भाकर’ म्हटले जाते आणि त्या स्वस्त स्पीकरवर दोन्ही शब्द जवळपास सारखेच ऐकू येत होते. म्हणून मी ‘दार’ घेतला. ‘दूध’ मुद्दामच टाळला, कारण बहुतेक वाढलेल्या मांजरींना दूध पचत नाही आणि भुरीचेही पोट त्याने बिघडते. शेवटी ‘दार’, ‘खाऊ’ आणि ‘कुरवाळ’ हे तीन शब्द मी माझ्या आवाजात भरले, तर चौथ्या बटणात बाईच्या आवाजातली ‘ये वं भुरे’ ही हाक भरली. मांजरीला लाल आणि हिरवा हे रंग आपल्यासारखे वेगळे दिसत नाहीत, निळा आणि पिवळा मात्र तिला ओळखता येतात. म्हणून महत्त्वाचे दोन शब्द मी त्या दोन रंगांच्या बटणांत ठेवले.

शिकवण्याची रीत सोपी आहे, परंतु ती सांभाळायला चिकाटी लागते. दार उघडण्यापूर्वी प्रत्येक वेळी आपण स्वतः बटण दाबायचे, तोंडानेही तोच शब्द म्हणायचा आणि लगेच दार उघडायचे. लहान मूल ज्याप्रमाणे आधी ऐकते आणि पुष्कळ नंतर बोलते, त्याप्रमाणे मांजरीपुढे हा क्रम शेकडो वेळा घडू द्यावा लागतो. माझ्या दोन चुका येथे सांगतो, म्हणजे दुसऱ्या कोणाचे दिवस वाया जाणार नाहीत. भुरीचा पंजा हातात धरून मी तो बटणावर दाबला, तेव्हा ती अशी बिथरली की त्यानंतर तीन दिवस बटणाच्या जवळूनही गेली नाही. मग मी बटणावर सुका झिंगा ठेवला, तर ती बटण दाबण्याऐवजी चाटायला शिकली. उपाय अखेर तिच्याच सवयीत सापडला. बाहेर जायचे असले की ती दाराच्या उजव्या कोपऱ्यात पंजाने खरवडत असे. ‘दार’चे निळे बटण मी नेमके त्याच जागी ठेवले आणि १९व्या दिवशी सकाळी खरवडता खरवडता तिचा पंजा त्यावर पडला. माझा आवाज निघाला, ती मागे सरकली आणि मी धावत जाऊन दार उघडले. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत तिने ते बटण आणखी सहा वेळा दाबले.

सहाच वेळा असे मी म्हणतो, परंतु पंजा तिने किमान पंधरा वेळा टाकला असेल, आणि याच ठिकाणी या मालाचा सर्वांत मोठा दोष आहे. ही बटणे कुत्र्याच्या वजनाचा आणि जोराचा विचार करून केलेली आहेत. भुरी त्या वेळी ३ किलो २०० ग्रॅमची होती. एवढ्या हलक्या प्राण्याने एक पंजा टेकवला तर बटण अर्धेच खाली जाते आणि आवाज निघत नाही. धडपड करूनही काहीच घडले नाही असा अनुभव मांजरीला चार-पाच वेळा आला तर ती तो नाद सोडून देते, आणि त्यात तिचा दोष काही नाही. मी तळाचे स्क्रू काढून आतली स्प्रिंग काढली व तिच्या जागी बॉलपेनातली नरम स्प्रिंग बसवली, तेव्हा काम सुरळीत झाले. ज्यांना अशी खटपट जमत नसेल त्यांनी कडक बटणांचा संच घेऊच नये. शक्य असल्यास दुकानात किंवा ओळखीच्या घरी एका बोटाने हलकेच दाबून पाहावे आणि त्या बोटाने आवाज निघाला तरच मांजरीसाठी घ्यावे. दुसरा दोष घसरण्याचा आहे. फरशीवर बटण पंजाबरोबर पुढे सरकते, म्हणून खाली सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा चिकटवावा लागतो. सारवलेल्या जमिनीवर ते घसरत नाही, परंतु धूळ आत जाऊन पंधरा दिवसांत अडकू लागते. आमच्या माजघरात म्हणूनच मी ते एका फळीच्या तुकड्यावर बसवले आहे.

आवाजाची पातळी कमी-जास्त करण्याची सोय संचात नाही. मांजरीचे कान आपल्यापेक्षा फार तीक्ष्ण असतात, आपल्याला अजिबात ऐकू न येणारे उच्च स्वरही तिला ऐकू येतात, आणि स्पीकर तर तिच्या नाकासमोरच असतो. म्हणून शब्द भरताना ओरडू नये. मी बाईला ऐकू जावा म्हणून पहिल्यांदा मोठ्याने शब्द भरला आणि भुरी दचकली. त्यानंतर तोच शब्द खर्जात, सावकाश आणि मध्यम आवाजात भरला, तो दोघींनाही मानवला.

‘खाऊ’चे बटण मात्र मी आज कोणालाही घेऊ देणार नाही. ते शिकायला तिला पाच दिवससुद्धा लागले नाहीत, आणि नंतर त्याला अंतच राहिला नाही. मी वहीत नोंद ठेवत होतो. दुसऱ्या आठवड्यात एका दिवसात तिने ते ४१ वेळा दाबले. दाबल्यावर काही दिले नाही तर बटणाचा अर्थच पुसला जातो, आणि दिले तर मांजर फुगते. बाईचे मन तर पहिल्याच हाकेला विरघळते. दीड महिन्यानंतर गावातल्या दुकानाच्या काट्यावर भुरीला टोपलीत बसवून मोजले, तेव्हा तिचे वजन ३ किलो ९०० ग्रॅम भरले. तिच्या आकाराच्या मांजरीला ही वाढ फार आहे. त्यानंतर सकाळ-संध्याकाळ ठरलेल्या वेळीच खाऊ द्यायचा आणि एरवी ‘संपलं’ एवढेच म्हणायचे असा नियम केला, तेव्हा दाबणे दिवसाला आठ-दहावर आले. ‘कुरवाळ’ तिला कधीच समजले नाही, आणि मी त्याचा फार आग्रहही धरला नाही. कुरवाळून घ्यायचे असेल तेव्हा ती स्वतःच बाईच्या बाजेवर जाऊन बसते.

बटणातून माणसाचा आवाज निघतो, याचा परिणाम मांजरीपेक्षा घरातल्या माणसावर आधी होतो, ही गोष्ट माझ्या ध्यानात आली नव्हती. बाईने पहिल्याच दिवशी सांगून टाकले होते, “मांजर कुठी बोलते रे? त्याच्यातून तं तूच बोलून राह्यला.” श्रावणातल्या एका दुपारी मी शेतात असताना भुरीने बटण दाबले आणि ‘दार’ हा माझ्या आवाजातला शब्द ऐकून बाई झोपेतून उठली. मी दारात उभा आहे आणि दार उघडायला सांगतो आहे असे समजून ती घाईने निघाली. तिला पडण्यापासून वाचवण्यासाठी आणलेल्या वस्तूनेच तिला घाईने उठायला लावले, हे संध्याकाळी तिच्या तोंडून ऐकले तेव्हा मला अतिशय वाईट वाटले. त्याच रात्री मी शब्द बदलून ‘भुरीला दार’ असा भरला. कमी ऐकणाऱ्या किंवा विसराळू झालेल्या वृद्धांच्या घरी बटणात घरच्या माणसाचा आवाज भरताना त्यात मांजरीचे नाव अवश्य असावे.

शब्द बदलल्यावर भुरी गोंधळेल अशी मला भीती होती, पण ती अजिबात गोंधळली नाही. दुसऱ्या दिवशी तिने ते बटण पूर्वीप्रमाणेच दाबले. तेव्हा मला प्रथमच शंका आली की ती शब्द ऐकतच नसावी. दिवाळीच्या सुमारास ती शंका बळावली. वेचणीचा कापूस त्या वेळी आमच्या पुढच्या खोलीत छातीपर्यंत भरला जातो आणि ते दार महिना-दोन महिने बंदच असते. म्हणून मी निळे बटण मागच्या दाराशी नेऊन ठेवले. दार वेगळे असले तरी बटण तेच, रंग तोच, शब्द तोच होता. तरीही भुरी दोन आठवडे कापसाच्या ढिगाच्या कडेला, जेथे पूर्वी बटण असे त्या जागी, पंजा मारत राहिली. मागच्या दाराची जागा तिला जवळपास पहिल्यापासूनच शिकवावी लागली.

मी ३१ वर्षे जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवले आहे, त्यामुळे शंका आल्यावर ती तपासून पाहिल्याशिवाय राहवले नाही. कापूस विकून खोली मोकळी झाल्यावर जानेवारीत मी ‘दार’ आणि ‘खाऊ’ या बटणांची अदलाबदल केली. चार दिवसांत भुरीने दाराशी असलेले बटण २३ वेळा दाबले. त्यातून ‘खाऊ’ असा शब्द निघत होता, मीही तिच्यापुढे खाऊ ठेवत होतो, आणि ती त्याचा वास घेऊन पुन्हा दाराकडे तोंड करून बसत होती. त्यानंतर दोन्ही बटणे ओसरीत नव्या जागी शेजारी शेजारी मांडली. मी जवळ उभा राहिलो नाही, मोबाइलचा कॅमेरा लावून ठेवला. याचे कारण बर्लिनच्या हुशार हान्स या घोड्याची हकिकत आहे. हा घोडा खूर आपटून गणिते सोडवतो असे लोक मानत होते. ऑस्कार फुंग्स्ट या संशोधकाने १९०७ मध्ये दाखवून दिले की प्रश्न विचारणाऱ्याच्या नकळत होणाऱ्या हालचाली पाहून तो घोडा थांबत असे. कॅमेऱ्यात टिपलेल्या २० वेळांपैकी ११ वेळा भुरीने दाबलेले बटण आणि तिने नंतर केलेली कृती यांचा मेळ बसला. नाणे उडवूनही साधारण एवढेच जमते.

यावरून मांजरींना शब्द कळतच नाहीत असे मात्र मी म्हणणार नाही. जपानमधील आत्सुको साइतो यांच्या गटाने २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पाळीव मांजरी स्वतःचे नाव इतर शब्दांपासून वेगळे ओळखत होत्या, आणि नाव अनोळखी माणसाने उच्चारले तरीही ओळखत होत्या. भुरीही चौथ्या बटणातली बाईची हाक ऐकून मागच्या कोठ्यातून येते. बाईला आता मोठ्याने हाक मारवत नाही, त्यामुळे हे बटण बाई स्वतः दाबते आणि ते उत्तम चालते. बटणांवरचा मोठा अभ्यास मात्र कुत्र्यांवर झालेला आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो येथील फेडेरिको रोसानो यांच्या गटाने ऑगस्ट २०२४ मध्ये ५९ कुत्र्यांवरील प्रयोग प्रसिद्ध केले. त्यांत ‘बाहेर’ व ‘खेळ’ या अर्थाच्या बटणांना कुत्र्यांनी योग्य प्रतिसाद दिला, आणि बटण मालकाने दाबले काय किंवा परक्याने दाबले काय, त्याने फरक पडला नाही. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये १५२ कुत्र्यांच्या नोंदी आल्या. त्यांत २,६०,००० हून अधिक वेळा बटणे दाबली गेल्याची नोंद होती आणि दोन बटणांच्या काही जोड्या निव्वळ योगायोगाने जमल्या नव्हत्या असे दिसले. हे निष्कर्ष कुत्र्यांचे आहेत. मांजरीच्या खोक्यावर ‘तुमची मांजर तुमच्याशी बोलेल’ असे छापण्याइतका आधार त्यांतून मिळत नाही.

भुरी जे करते त्याच्याशी मला एडवर्ड थॉर्नडाइक यांच्या मांजरी अधिक जवळच्या वाटतात. त्यांनी १८९८ मध्ये भुकेल्या मांजरींना लाकडी पेटीत ठेवून, दोरी ओढली किंवा खटका दाबला की दार उघडेल अशी योजना केली होती. मांजरी आधी धडपडत, कधीतरी चुकून नेमकी हालचाल होई, आणि पुढे पुढे बाहेर पडायला त्यांना कमी कमी वेळ लागे. आमच्या दारातला खटका एवढाच वेगळा की तो दाबल्यावर दार आपोआप उघडत नाही, घरातले माणूस उघडते. या फरकाचे मोल माझ्या घरी फार आहे. दारापाशी पंजा टाकला की माणूस दखल घेते हे भुरी पक्के शिकली, आणि म्हणून तिने पायात येणे सोडले. बटणे येण्यापूर्वीच्या आठवड्यात ती बाईच्या पायात किती वेळा आली याची नोंद मी ठेवली होती, ती २६ होती. फेब्रुवारीतल्या एका आठवड्यात ती ३ होती. माझ्या दृष्टीने १,४९९ रुपये त्या २३ वेळांसाठी वसूल झाले.

दाराखाली मांजरीपुरते भोक ठेवले असते तर हा सगळा खटाटोप लागला नसता, असे वाचकांपैकी कोणी म्हणेल. जुन्या घरांना तसे भोक असतेच, आमच्याही होते. पावसाळ्यात रात्री त्यातून मण्यार आत आल्यावर मी ते सिमेंटने बुजवले, आणि पुन्हा उघडण्याची माझी तयारी नाही.

ज्यांना घ्यायचे असेल त्यांनी चारचा संच न घेता, सुटी मिळत असतील तर दोनच बटणे घ्यावीत. एक मांजरीने दाबायचे आणि एक आपण तिला बोलावण्यासाठी दाबायचे. एकदा ठरलेली जागा शक्यतो बदलू नये. सेल बदलताना माझ्या संचातला भरलेला शब्द पुसला गेला, म्हणून मूळ शब्द मोबाइलवरही साठवून ठेवावा. नोंदणीची बारीक कळ बाजूलाच उघडी असते. सुटीत आलेल्या पुतण्याने ती दाबून त्यात स्वतःचे गाणे भरले होते, तेव्हा लहान मुले असलेल्या घरी त्या कळेवर चिकटपट्टी लावावी. दमट हवेत स्पीकर बसका आवाज देतो, पावसाळ्यात महिन्यातून एकदा बटण उघडून उन्हात ठेवल्यास तो सुधारतो. पाचपैकी गुण द्यायचे झाल्यास मालाला मी दोन देईन, कारण तो मांजरीसाठी बनवलेलाच नाही. उपयोगाला मात्र चार देईन.

‘खाऊ’ आणि ‘कुरवाळ’ मी जानेवारीअखेर काढून ठेवली. बाईला दर वेळी बाजेवरून उठावे लागू नये म्हणून दाराशेजारच्या खिडकीच्या खालच्या भागात मी जाळीची एक झडप बसवली आहे. तिची दोरी भिंतीवरच्या दोन आकड्यांतून बाजेच्या उशापर्यंत आणली असून दोरी सोडली की झडप आपल्या वजनाने बंद होते. निळे बटण वाजले की बाई पडल्या पडल्या दोरी ओढते, भुरी बाहेर गेली असे वाटले की सोडते, आणि दोरीला गाठ मारलेली जागा हाताला नीट लागते का, हे मी रोज शेतात जाण्यापूर्वी एकदा पाहून घेतो.